आवाजाची परीक्षा

मी सातवीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. नागपुरात महाल भागात आमचे घर होते. आमच्या वस्तीत एक हौशी नाट्यमंडळ होते. दिवसा कोणी कचेरीत, कोणी शाळेत, तर कोणी दुकानात काम करणारी ही माणसे रात्री एकत्र जमत आणि गणेशोत्सवासाठी दरवर्षी एक नाटक बसवीत. हौशी म्हणजे नाटकावर पोट न भरणारी. नाटकासाठी पदरचे पैसे घालणारी, असेही म्हणता येईल. १९७० साली या मंडळाने मुलांचे संगीत नाटक करायचे ठरविले. 'गाणाऱ्या मुलामुलींनी रविवारी सकाळी आठ वाजता यावे' अशी सूचना देवळाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेली मी वाचली.

नाटकात एक राजपुत्र होता आणि त्याला चार पदे होती. ती भूमिका आपल्यालाच मिळणार, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. शाळेतील प्रार्थना चौथीपासून मीच सांगत असे. मात्र त्या उन्हाळ्यापासून माझ्या गळ्यात काहीतरी बिघडले होते. बोलता बोलता आवाज मध्येच चिरके. आईला वाटले, पोराने कैऱ्या फार खाल्ल्या. तिने हळदीचे दूध सुरू केले. मी ते निमूटपणे पीत होतो आणि मनातली भीती कोणालाही सांगत नव्हतो.

रविवारी पाऊस कोसळत होता. मंडळाच्या खोलीवर टिनाचे छप्पर होते, त्यामुळे आत बोललेलेही नीट ऐकू येत नव्हते. सतरंजीवर पेटीवाले काका बसले होते. शेजारी तबलजी आणि नाटक बसविणारे दादा. आम्ही वीस-बावीस मुले भिंतीला टेकून उभी होतो. माझे नाव पुकारले गेले. काकांनी मान वर न करता विचारले, "पट्टी कोणती?"

पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा 'सा' पेटीच्या ज्या स्वरावर असतो तो स्वर. प्रत्येक गळ्याची पट्टी निराळी. कोणी पांढरी एकमध्ये गातो, कोणी काळी चारमध्ये. मुलांचा व स्त्रियांचा आवाज उंच, म्हणून त्यांची पट्टी वरची असते. मला प्रार्थनेमुळे माझी पट्टी ठाऊक होती. मी ऐटीत म्हणालो, "काळी चार."

काकांनी सूर धरला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत वरचा षड्ज आला आणि तेथे माझा आवाज फाटला. जुने कापड टरकावे तसा तो आवाज झाला. खोलीत हशा पिकला. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी तसेच झाले. एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "अबे, हा तर कोंबडा आरवून राहिला!" मी खाली मान घालून ओसरीवर आलो आणि चपला शोधू लागलो.

"कुठं निघालास?" आतून काकांचा आवाज आला. "तुझी परीक्षा अजून संपली नाही. बस तिथंच."

साऱ्या मुलांचे गाणे होईपर्यंत मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो. मग चहा आला. काका आपली कपबशी घेऊन बाहेर आले व माझ्याजवळ बसले. त्यांनी विचारले, "केव्हापासून होतं असं?" मी सांगितले, उन्हाळ्यापासून. आणि इतके दिवस दडवून ठेवलेला प्रश्न तोंडून निघून गेला, "काका, माझा आवाज गेला का?"

काका हसले नाहीत. ते म्हणाले, "गेला नाही. बदलतो आहे."

मुलांनो, पुढे मोठेपणी मी याविषयी वाचले, ते येथेच सांगून टाकतो. आपल्या कंठात दोन नाजूक पडदे असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. श्वासाने ते थरथरतात व त्यातून आवाज निघतो. साधारणपणे बारा ते चौदा वर्षांच्या वयात मुलग्यांचा कंठ झपाट्याने वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडाच. वाढलेल्या स्वरतंतूंवर ताबा बसेपर्यंत काही महिने आवाज असा फसवतो. त्या दिवसांत ओरडू नये, वरच्या पट्टीत हट्टाने गाऊ नये, खालच्या सुरात हलकेच गात राहावे. माझ्या आईच्या हळदीच्या दुधाने यात काही बिघडले नाही आणि काही सुधारलेही नाही.

काकांना यातले शास्त्र ठाऊक नसावे. त्यांना नाटककंपन्यांचा इतिहास मात्र मुखोद्गत होता. चहा निवत होता आणि ते सांगत होते.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास 'संगीत शाकुंतल' नाटकाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हापासून गाणारा नट मिळविणे ही नाटककंपन्यांची मोठी विवंचना झाली. त्या काळी स्त्रिया या कंपन्यांत काम करीत नसत, म्हणून शकुंतला काय किंवा सुभद्रा काय, सगळ्या नायिका पुरुषच होत. ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा, तो गोडही असावा आणि स्त्रीला शोभेल असाही असावा, असा गळा सहजी कोठून मिळणार? अण्णासाहेबांना तो बडोद्याच्या भाऊराव कोल्हटकरांच्या रूपाने मिळाला. १८८२ साली 'सौभद्र' नाटक आले, त्यात सुभद्रेचे काम भाऊरावांनी केले. काकांनी येथे थांबून मला विचारले, "त्या वेळी भाऊरावांचं वय काय असेल? सांग बरं."

मी म्हणालो, "माझ्याएवढं."

"एकोणीस!" काका म्हणाले. "म्हणजे तुझ्यासारखा आवाज फुटून, पुन्हा जुळून आलेला होता. आणि वय वाढल्यावर स्त्रीभूमिका सोडून ते पुरुषांच्या भूमिका करू लागले, तरीही लोक त्यांचं गाणं ऐकायला येतच राहिले."

भाऊराव १९०१ साली वारले. त्यांच्यानंतर किर्लोस्कर कंपनीला पुन्हा तसा गळा हवा होता. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचे गाणे लोकमान्य टिळकांनी ऐकले होते व त्याला 'बालगंधर्व' म्हटले होते. गळ्याविषयी प्रश्नच नव्हता. पण मुलाच्या कानात दोष होता. ज्याला पेटीचा सूर नीट ऐकू येत नाही, त्याने सुरात गावे कसे? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला मिरजेला डॉक्टर वान्लेस यांच्या रुग्णालयात उपचारासाठी पाठविले. त्यानंतर १९०५ साली हा मुलगा किर्लोस्कर कंपनीत आला आणि शकुंतला होऊन उभा राहिला. पुढे अवघा महाराष्ट्र बालगंधर्वांच्या गाण्याने वेडा झाला, हे तुम्ही घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल.

"इतकं लांब कशाला जायचं?" काकांनी रिकामी कपबशी खाली ठेवली. "आपल्या नागपुरातलंच सांगतो." वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरचा, पण त्यांनी गाण्याचे पहिले धडे गिरविले ते नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. मुलगा असतानाच भालजी पेंढारकरांनी त्यांना 'कालिया मर्दन' या १९३५ च्या चित्रपटात कृष्णाची भूमिका दिली. इतकी चांगली सुरुवात झाली, तर पुढे सारे सरळ व्हावे की नाही? तसे झाले नाही. वसंतरावांनी पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात वर्षानुवर्षे कारकुनी केली. गाणे चालूच होते. मग १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक आले. ते लिहिले पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी. दारव्हेकर नागपूरचेच. आमच्या मंडळासारखेच हौशी मंडळ, 'रंजन कला मंदिर', त्यांनी येथे उभे केले होते व सारे नागपूर त्यांना मास्तर म्हणून ओळखत असे. जितेंद्र अभिषेकी यांनी पदांना चाली दिल्या आणि खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांनी केली. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. त्यांचा आवाज काही राजपुत्राला शोभणारा नाजूक नव्हता. तो धारदार होता, तान विजेसारखी लखलखून जाई. नाटकाला हवा होता तो तसाच गळा.

आज नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे. मी त्यावरून जातो तेव्हा मला त्या ओसरीवरचा निवलेला चहा आठवतो.

काका उठले आणि म्हणाले, "आता राहिलेली परीक्षा." त्यांनी मला पेटीकडे पाठ करून बसविले. ते दोन-दोन स्वर वाजवीत आणि विचारीत, दुसरा वरचा की खालचा? मी सांगत गेलो. मग त्यांनी एका सरळ ओळीत मुद्दाम एक स्वर किंचित चुकविला. मी म्हणालो, "पाचवा चुकला." दादांनी वहीत काहीतरी टिपून घेतले. नंतर मला गद्य वाचावयास दिले. मी ते चालत चालत म्हणून दाखविले, कारण संगीत नाटकात नट बैठकीतल्या गवयासारखा मांडी घालून बसत नाही. त्याला चालावे लागते, तलवार उपसावी लागते, दुसऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे लागते आणि त्यातच गावेही लागते.

संध्याकाळी फळ्यावर नावे लागली. राजपुत्र झाला होता माझ्याच वर्गातला एक मुलगा. माझ्या नावापुढे लिहिले होते, 'द्वारपाल'. मी वहीत पाहिले. द्वारपालाला एकही पद नव्हते. सगळी मिळून सहा वाक्ये होती. त्या रात्री मी जेवलो नाही, हे खोटे कशाला सांगू? बाबा म्हणाले, नको असेल तर जाऊ नकोस. मला नको होते. पण सोमवारी तालमीच्या वेळी पाय आपोआप तिकडे वळले.

आठवड्याभरात एक अडचण लक्षात आली. राजपुत्राचा गळा फार गोड होता, पण गद्य बोलता बोलता एकदम पद उचलायचे म्हटले की तो सूर हरवून बसे. ही चूक मोठ्या नटांच्याही हातून होते. बोलण्याला पट्टी नसते. ते वरखाली कसेही जाते आणि पद मात्र नेमक्या स्वरावर सुरू व्हावे लागते. पेटी हळूच सूर देते, पण रंगमंचावरच्या धांदलीत तो ऐकू येईलच असे नाही. पावसात तर मुळीच नाही.

काकांनी मला जवळ बोलाविले. तिसऱ्या प्रवेशात द्वारपाल येऊन वर्दी देत असे, "महाराज, दारात एक म्हातारा उभा आहे. आत येऊ का म्हणतो." त्यानंतर लगेच राजपुत्राचे पद होते.

"त्याचा सूर आहे काळी चार," काका म्हणाले. "तुला आता वरचा लागणार नाही. खालचा काळी चार लागतो का बघ."

मी प्रयत्न केला. नव्या, जाडसर आवाजात तो लागला. आधी डळमळला, मग स्थिर झाला.

"आता तुझं शेवटचं वाक्य त्या सुरावर आणून सोड. गाऊ नकोस हं, बोल. लोकांना कळता कामा नये. फक्त त्याला कळलं पाहिजे."

पुढचे दीड महिने मी शाळेत जाता-येता, शुक्रवारी तलावाच्या काठाने चालताना, तेच एक वाक्य म्हणत होतो. 'म्हणतो' या शब्दातला 'तो' कधी वर जाई, कधी खाली घसरे. गणेशोत्सवात चौथ्या दिवशी नाटक झाले. मंडपाच्या कापडावर पाऊस वाजत होता आणि काकांची पेटी मलाही ऐकू येत नव्हती. मी भाला घेऊन पुढे आलो, मुजरा केला, वर्दी दिली आणि शेवटचा शब्द त्या स्वरावर आणून ठेवला. राजपुत्राने माझ्याकडे पाहिले आणि पद उचलले.