शब्दचिंतन : तावातावाने

'तो तावातावाने बोलला' असे आपण सहज म्हणतो. रागाच्या भरात, आवेशाने, समोरच्याला तोंड उघडू न देता बोलणे, असा त्याचा अर्थ. इंदूरच्या आपल्या मंडळींना याच शब्दाचे भावंड हिंदीतही रोज भेटते : 'ताव में आना'. मूळ शब्द 'ताव', म्हणजे उष्णता. संस्कृत 'ताप'शी त्याचे नाते आहे.

आपल्या सराफ्यात हा शब्द नीट समजतो. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. सोने तापवणे म्हणजे त्याला ताव देणे. रात्री त्याच दुकानांपुढे खाद्यपदार्थ मांडले जातात आणि लोक त्यांवर 'ताव मारतात'. पण आपल्या चिंतनाचा अर्थ 'तावून सुलाखून' या जोडीत आहे. आत खोट नाही ना, हे पाहण्यासाठी सोने तापवायचे, त्याला भोक पाडायचे. येथे ताव सोन्याला असतो. सोनार शांत असतो.

महात्मा बसवेश्वरांनी एका प्रसिद्ध वचनात चोरी, हिंसा व असत्य यांच्याच पंक्तीत राग वर्ज्य सांगितला आणि हीच अंतरंगाची व बहिरंगाची शुद्धी मानली. उलट, नावाडी शरण अंबिगर चौडय्या यांची वचने फार कडक आहेत. मग हा विरोध समजावा काय? नाही. चौडय्यांचा प्रहार ढोंगावर आहे. खोट कोठे आहे हे पाहूनच त्यांचा शब्द तापतो.

माझीच चूक सांगतो. आमच्या वचनवाचनाला एक तरुण नेहमी उशिरा येई. एकदा मी सर्वांदेखत तावातावाने त्याला शिस्त शिकवली. नंतर कळले, तो कामाची पाळी संपवून, घरी न जाता थेट येत असे. त्या दिवशी आमचा विषय होता 'कायक'! मी घरी जाऊन त्याची क्षमा मागितली. "राहू द्या काका," एवढेच तो म्हणाला. अद्याप तो वाचनाला आलेला नाही.

सद्भक्तहो, या आठवड्यात आपण कोणाशी तावातावाने बोललो ते आठवावे. खोट खरोखर त्याच्यात होती, की ताव केवळ आपला होता? शब्द आधी स्वतःशी तावून सुलाखून घ्यावा, मगच तो दुसऱ्याला द्यावा.

शरणु शरणार्थी.