मधुमेही माणसाने पुड्यावरचे बारीक अक्षर कसे वाचावे?

घरभेटीला गेलो की चहाबरोबर बशीत बिस्किटे येतातच. अशाच एका घरी साठीच्या एका शेतकरी बांधवाने आम्हांला सांगितले, "फादर, डॉक्टरांनी पिष्टमय पदार्थ कमी करा म्हणून सांगितल्यापासून मी भात टाकला, भाकरी अर्ध्यावर आणली. आता शेतावर फक्त बिस्किटांवर दुपार काढतो. तरी साखर उतरत नाही." पायाला कुदळीची जखम झाली होती, तीही महिनाभर भरत नव्हती. आम्ही पुडा मागवला आणि चष्मा लावून दोघांनी मिळून वाचला.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचे दिसले आणि प्रमाणात सर्वांत पुढे गोवा होता. तेथे शंभरांत २६ प्रौढांना हा विकार आढळला.

आता पुड्याकडे वळू. मागच्या बाजूस एक चौकट असते. मजकूर बहुधा इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. नातवाला वाचायला सांगावे किंवा मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहावा. त्यात 'कार्बोहायड्रेट' ही ओळ शोधावी. पुष्कळजण 'शुगर' ही ओळ पाहून समाधान मानतात, तेथेच फसगत होते. मैद्यातील पिष्टाचीही पोटात गेल्यावर साखरच होते.

त्या पुड्यावर १०० ग्रॅमला कार्बोहायड्रेट ७६ ग्रॅम होते. एक बिस्कीट साधारण ६ ग्रॅमचे धरले तर चार बिस्किटांत १८ ग्रॅम पिष्ट झाले, म्हणजे एका लहान चपातीएवढे. आमचे हे बांधव दुपारी आठ खात आणि संध्याकाळी चहाबरोबर आणखी चार. अर्धी भाकरी वाचवली आणि तीन चपात्यांचे पिष्ट पोटात घातले! शिवाय चपातीने पोट तरी भरते.

काही पुड्यांवर 'एका वेळचे प्रमाण' म्हणून आकडे दिलेले असतात. हे प्रमाण कंपनी ठरवते, आपले पोट नव्हे. दोन बिस्किटांचा आकडा लहानच दिसणार. म्हणून तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या आकड्यानेच करावी.

त्यानंतर घटकांची यादी पाहावी. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहावा असा नियम आहे. समोर मोठ्या अक्षरांत 'नाचणी' आणि यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, असे असेल तर काय समजायचे ते समजावे. आणि नाचणी कितीही गुणी असली तरी तिच्या पिठातही शंभरात सुमारे ७० ग्रॅम पिष्ट असतेच. माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज ही नावे दिसली तर ती साखरेचीच भावंडे समजावीत. 'शुगर फ्री' बिस्किटांतही मैदा असतोच. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींचे तर विचारूच नका. बहुतेकांत शंभरात ८० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट असते. २०२४ साली सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितले, ते योग्यच झाले.

मग घ्यावे काय? भाजलेल्या शेंगदाण्यांत शंभराला पिष्ट १६ ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिने २५. शेंगा आपल्याच रानातल्या असताना पुडा कशाला, हा आमचा प्रश्न. फुटाणे मूठभर चालतील, पण त्यांत पिष्ट बरेच असते. पनीर, साधे दही (फळांच्या स्वादाचे नव्हे) आणि अंडी चांगली. सुका बांगडा व सुकट यांत पिष्ट जवळजवळ नाहीच. मीठ मात्र भरपूर, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी जपून. पीनट बटर घ्यायचे तर यादीत शेंगदाण्यांखेरीज साखर नाही ना, ते पाहावे. लोणच्यातल्या गुळाकडेही लक्ष असावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. जे इन्सुलिन किंवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता पिष्ट एकदम तोडू नये. औषध तेवढेच आणि अन्न कमी, अशाने रक्तातील साखर घसरते. घाम सुटतो, हात थरथरतात, भर उन्हात नांगरामागे माणूस कोसळू शकतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना पिष्ट फारच कमी केल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळाच धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने किती खावीत तेही विचारून घ्यावे.

त्या बांधवाला आम्ही पायाची जखम घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात पाठवले. पुढच्या भेटीत बशीत भाजलेले शेंगदाणे होते, पण चहा मात्र पूर्वीसारखाच गोडमिट्ट. शेतावर जाताना आता खिशात साखरेची पुडी ठेवतात. ती घाम सुटला आणि हात थरथरू लागले तरच तोंडात टाकायची, एरवी नाही.