फटफटी आणि कान

फटफटी जोरात निघाली की कानाशी घोंघों आवाज होतो. तो इंजिनाचा, असे आपल्याला वाटते. पण बराचसा आवाज वाऱ्याचा असतो. हेल्मेटातही तो शिरतो. रोज तासन्‌तास असा आवाज ऐकला, तर कानाच्या आतले अगदी बारीक केस मरतात. ते पुन्हा उगवत नाहीत. मग ऐकू कमी येते.

कापसाच्या बोळ्याने भागत नाही. त्यातून आवाज सहज जातो. औषधाच्या दुकानात मऊ स्पंजाची बुचे मिळतात, ती घ्या. आधी हात धुवा. बूच बोटांनी वळून वातीसारखे बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागे ओढा. बूच आत सरकवा. ३० आकडे मोजेपर्यंत बोटाने धरून ठेवा, म्हणजे ते आत फुगून बसते. इथेच लोक घाई करतात!

बूच टोचले तर ते मोठे आहे, लहान माप घ्या. ते फार बाहेर राहिले, तर हेल्मेटाखाली दबून कान दुखतो. पण काढताना चिमटीत आले पाहिजे.

मग भोंगा ऐकू येईल का? येतो. बूच आवाज कमी करते, बंद करीत नाही. गावातल्या गावात हळू जाताना मात्र त्याची गरज नाही. मळलेले बूच टाकून द्या. कान वाहत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कानात काही घालू नका.