उभ्या गाडीत झोपताना

डिसेंबर 2024 मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे झोपायची सोय असलेल्या गाडीत, दोघे मृत सापडले. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला ना वास, ना रंग. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. प्रवासाचा शीण समजून माणूस झोपी जातो.

आपणही चैत्यभूमीला टेम्पोने जातो, ताडपत्री बांधून आतच झोपतो. स्वयंपाक खाली उतरूनच करावा. शेगडी आत घेऊ नये. विझत आलेले निखारे तर जास्तच फसवे. फट ठेवली की भागते म्हणतात, आम्ही त्यावर विसंबणार नाही. झोपताना इंजिन बंद. कुणाला गुंगी आली तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, लगेच 108 ला फोन करा.