कोर्सच्या फीबरोबर संघटनेचीही चौकशी करा

मुलगा एडिटिंगचा कोर्स बघतोय, मुलीला मेकअप शिकायचाय आणि आईवडिलांना घोर लागलाय की केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळतील का? काळजी रास्त आहे. पण त्याचं उत्तर इन्स्टिट्यूटच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, त्यासाठी सिने कामगारांच्या संघटनेचं दार ठोठावावं लागेल.

मुंबईत 'फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज' ही अशा संघटनांची शिखर संस्था आहे. कॅमेरा, संकलन, ध्वनी, वेशभूषा, लाइट, स्टंट, सेट उभारणारे सुतार-रंगारी अशा प्रत्येक कामाची असोसिएशन वेगळी आणि सभासदत्वाचं कार्डही वेगळं. नियम आणि शुल्क त्या त्या कार्यालयात जाऊनच विचारा. 'कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

कार्ड मिळालं म्हणजे काम मिळालं असं नाही. त्याची खरी किंमत पेमेंट अडकतं तेव्हा कळते. शूटिंग संपून महिने उलटले तरी पैसे नाहीत, ही इथली नेहमीची तक्रार. अशा वेळी एकटा पोरगा निर्मात्याला फोन करत बसतो. सभासद असला तर त्याच्या वतीने असोसिएशन निर्मात्याशी बोलते. मात्र दाव्याला आधार कागदाचाच लागतो : करारपत्र, शिफ्टची नोंद, बिल, निदान मेसेज तरी. सिने कामगाराशी लेखी करार करायलाच हवा, असं १९८१ चा कायदा सांगत होता; नव्या कामगार संहितेतही ते आहे. तरी नवखी मुलं तोंडी शब्दावर कामाला लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

संघटनाही चुकतात, हे पालकांनी जाणून घ्यावं. बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड नाही, फक्त हेअर ड्रेसरचं, असा नियम वर्षानुवर्षं चालला. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांनी दाद मागितली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अटही त्याच निकालात गेली. आज मुलीला कोणी या कारणावरून परत पाठवलं, तर हा निकाल दाखवा.

लेखनाकडे कल असेल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंदणी करा आणि मगच ती कोणाला वाचायला द्या.