*आरोग्य सल्ला : बाळाच्या दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का? वेळेत बघून घ्या*



आज पीक सल्ला नाही, घरातल्या लेकरांबद्दल थोडं. पैदाशीसाठी बोकड ठेवताना आपण दोन्ही वृषण (गोट्या) खाली आहेत का, हे हात लावून बघतो. घरातल्या मुलाचं मात्र लाजेपोटी राहून जातं.

*नेमकं काय होतं?*
बाळ आईच्या पोटात असताना वृषण बाळाच्या पोटात तयार होतात आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत खाली पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या १०० मुलांपैकी साधारण ३ जणांत एक किंवा दोन्ही वरच अडकतात. कमी दिवसांच्या बाळांत प्रमाण बरंच जास्त असतं. बहुतेकांचे ३ ते ६ महिन्यांत आपोआप उतरतात. *६ महिन्यांनंतर ती शक्यता फार कमी.*

*थांबलं तर काय बिघडतं?*
पिशवीत शरीरापेक्षा २-३ अंश कमी उष्णता असते. वृषणाला तेवढा गारवा लागतो. वर राहिला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते आणि मोठेपणी वृषणाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पीळ पडण्याची आणि हर्नियाचीही भीती असते.

*घरी कसं बघाल?*
कोमट पाण्याने अंघोळ घालताना, ऊबदार हाताने, हलकेच. थंडीत वर चढून उबेला खाली येत असेल, तर ऑपरेशन सहसा लागत नाही. पण दरवर्षी डॉक्टरांना दाखवा.

*काय करायचं?*
✅ जन्मतः दोन्ही हाताला लागत नसतील, तर दवाखान्यातून घरी येण्याआधीच डॉक्टरांना सांगा.
✅ ६ महिन्यांनंतरही पिशवी रिकामी असेल, तर मुलांच्या सर्जनला दाखवा. कमी दिवसांच्या बाळाचे ६ महिने डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा.
✅ ऑपरेशन ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, शक्यतो पहिल्या वाढदिवसापर्यंत. बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात.
✅ मूल मोठं झालं असेल, तरी आता दाखवा. आधी खाली असलेला वृषण वाढत्या वयात वर जाऊ शकतो.
✅ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. त्यांना न लाजता सांगा. मोफत उपचाराची चौकशी आशाताईंकडे करा.

*हे करू नका*
❌ तेल लावून चोळणं, ओढणं. त्याने वृषण उतरत नाही, इजा मात्र होते.
❌ "सोयाबीन निघू दे, मग बघू." पेरणीची वेळ हुकली की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको.

🚨 *जांघेत किंवा पिशवीत अचानक दुखणं, कडक गाठ, उलट्या झाल्या, तर रात्र असली तरी लगेच मोठा दवाखाना गाठा. पीळ पडला असेल, तर हातात ५-६ तासच असतात.*

ज्यांच्या घरी लहान मुलगा आहे, त्यांना हा मेसेज जरूर पाठवा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾