पहिले पंधरा दिवस इंग्रजीचं पुस्तक दप्तरातच राहू द्या



15 जूनला शाळा सुरू झाली. प्रवेशोत्सव झाला, पुस्तकं वाटून झाली. दुसऱ्याच दिवशी फाटकाशी एका पालकांनी विचारलं, "सर, इंग्रजीचा पहिला धडा कधी घेणार?" मी म्हटलं, "पंधरा दिवसांनी." त्यांचा चेहरा पडला. तिथं उभ्या उभ्या जे नीट सांगता आलं नाही, ते इथं लिहितोय.

आमचं खंडाळा म्हणजे लोणावळ्याजवळचं नव्हे. सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. पुणे-बेंगळुरू महामार्ग इथूनच जातो, शिरवळला एमआयडीसी आहे. सावित्रीबाई फुले यांचं नायगावही याच तालुक्यातलं. 1854 मध्ये आलेल्या त्यांच्या 'काव्यफुले' संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. म्हणजे इंग्रजीची ओढ आमच्याकडे आजची नाही. राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. तरीही "तुमच्याकडं इंग्रजी कच्चं राहतं" म्हणून पालक दाखला मागायला येतात आणि आमचा पट एकेकाने खाली येतो. हे ऐकून आम्ही शिक्षक घाबरतो आणि जूनपासूनच फळा भरायला लागतो. मीही तेच करायचो.

गेल्या वर्षी तिसरीत एक मुलगी नवीन आली. आईवडील कामासाठी बाहेरगावाहून आलेले. पहिल्याच तासाला मी सगळ्यांना एकेक करून उभं केलं आणि इंग्रजीत नाव, गाव सांगायला लावलं. ती म्हणाली, "माय नेम आहे..." वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्या पोरीने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही. गणितात पुढे, मराठी वाचन खणखणीत. फक्त इंग्रजी आलं की मान खाली. चूक तिची नव्हती, पहिल्या तासाची होती.

मग सुट्टीत जरा वाचन केलं. दक्षिण कोरियाचं उदाहरण मला फार जवळचं वाटलं. तिथं प्राथमिक शाळेत इंग्रजी विषय 1997 पासून तिसरीत सुरू होतो, आणि सुरुवातीला भर ऐकण्या-बोलण्यावर असतो. त्यांचं शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, आपलं जूनमध्ये, पण पोरांची अडचण तीच. कारण कोरियन भाषेतही क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं. आपण 'मी आंबा खातो' म्हणतो, त्यांचीही रचना तशीच. इंग्रजीत मात्र खाणं आधी आणि आंबा नंतर. म्हणून आपलं पोरगं "आय मँगो ईट" म्हणतं. 'टेबलावर' मध्ये आपला 'वर' मागे लागतो, कोरियनमध्येही असे शब्द नामाच्या मागेच येतात; इंग्रजीत तो 'ऑन' होऊन पुढे जातो. शिवाय 'ए', 'ॲन', 'द' ही भानगड दोघांकडेही नाही. तेव्हा "आय मँगो ईट" म्हणणारं मूल मठ्ठ नसतं. त्याचं मराठी पक्कं आहे, तेच इंग्रजीत उतरतं. हसण्याऐवजी आपण फक्त "येस, यू ईट अ मँगो!" असं नीट म्हणून पुढं जायचं. मुलं ते उचलतात.

आता पंधरा दिवस करतो काय? पहिल्या दिवशी मुलांना विचारलं, "तुम्हाला इंग्रजी येतं का?" सगळे नाही म्हणाले. मग म्हटलं, घरापासून शाळेपर्यंत येताना काय काय दिसतं ते सांगा. बस, ट्रक, टेम्पो, टायर, पंक्चर, हॉटेल, पेट्रोल पंप, मोबाईल, चार्जर, कंपनी, शिफ्ट, ओव्हरटाइम... फळा भरला. 'ओव्हरटाइम' सांगणाऱ्याचे वडील शिरवळला कामाला जातात. मग म्हटलं, "यातले बहुतेक शब्द इंग्रजीच आहेत की!" पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून हुकूम. स्टँड अप, टर्न अराउंड, टच द डोअर, क्लोज युवर आइज. मी बोलायचं आणि करून दाखवायचं, मुलांनी फक्त करायचं. बोलायची सक्ती नाही. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात ही पद्धत मांडली. तान्हं मूल आधी महिनोन्महिने ऐकतं, "ये", "दे" कळल्यावर हातपाय हलवतं आणि बोलतं नंतर, हा त्यामागचा विचार. आपल्या घराघरातल्या आज्ज्यांना हे ॲशरच्या आधीपासून माहीत आहे म्हणा! याला खर्च शून्य. ज्याला अजून अक्षरओळख नाही तोही पहिल्या दिवसापासून यात असतो.

उच्चारात आपलं एक बरं आहे. 'कॅट' मधला ॲ आणि 'डॉग' मधला ऑ आपण मराठीत लिहितो, बोलतो. तो आवाज नव्याने बसवावा लागत नाही. 'शिप' आणि 'शीप' यांत मात्र घोटाळा होतोच. त्याला वेळ लागतो, लागू द्या.

पालकहो, घरी "काय शिकवलं, म्हणून दाखव" असं पाहुण्यांसमोर विचारू नका. त्यापेक्षा "मला हुकूम दे" म्हणा आणि तो सांगेल ते करा. इंग्रजी येत नसलं तरी चालतं, मूल करून दाखवेल.

ती मुलगी आता चौथीत आहे. चौथीचा तासही माझ्याकडेच. पहिले काही दिवस ती नुसतं ऐकून करत होती, मी काही विचारलं नाही. गेल्या शुक्रवारी "आता हुकूम कोण देणार?" म्हटल्यावर मागून हळूच आवाज आला, "सर, स्टँड अप." मी उठलो. "टर्न अराउंड." फिरलो. "टच द डोअर." गेलो दाराकडे. सगळा वर्ग हसत होता, ती पण. "सिट डाउन" म्हणायच्या आत घंटा झाली.